पार्वतम्मांच्या गुडघ्याइतकी उंच

मित्रांनो, सास्तूरच्या नव्या वसाहतीत शिरलात की पहिल्याच रुंद गल्लीच्या तोंडाशी एक लिंब दिसतो. त्याच्या सावलीत चौकोनी तोंडाची एक जीप उभी असते. एके काळी ती पांढरीशुभ्र होती. आता तिचा रंग शिळ्या ताकावर गेला आहे. बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे असतात. इतर जिपा छाती काढून उभ्या राहतात, ही मात्र जमिनीलगत बसल्यासारखी वाटते. तीच मी. या, सावलीला टेका. दुपारच्या वेळी मी जरा गुंगीत असते, तेव्हा सांगताना कुठे रेंगाळले तर सांभाळून घ्या.

लोखंडाला कसली गुंगी, म्हणून तुम्ही हसाल. पण ज्याला उभं राहायला भरपूर वेळ मिळतो, त्याला स्वप्नं पडतातच. लिंबोळ्या टपावर टपटपत असतात, गल्लीत कोणाचा तरी मिक्सर फिरत असतो, आणि माझ्या डोळ्यांपुढे रस्ते येऊ लागतात. चाकं थांबलेली असली तरी रस्ते थांबत नाहीत.

माझी पहिली आठवण वजनाची आहे. एका भल्या मोठ्या छपराखाली मी साखळ्यांना लटकत होते, हलकी आणि बिनचाकाची. मग चार चाकं आली आणि कुणीतरी मला अलगद जमिनीवर उतरवलं. पुढच्या स्प्रिंगा दबल्या, मागचे पाटे वाकले, आणि मी आहे हे मला कळलं. निळ्या कपड्यांतल्या एका माणसाने वाकून माझ्या पुढच्या चाकांकडे बराच वेळ पाहिलं, पाना फिरवला, पुन्हा पाहिलं आणि 'सरळ' एवढंच म्हणून तो पुढच्या गाडीकडे गेला. मला वाटलं, सरळ चालणं हे जन्मताच मिळतं आणि शेवटपर्यंत टिकतं. नव्या वस्तूंची अशीच समजूत असते.

रुद्रेशने मला सोलापूरहून आणलं तेव्हा त्याचं लग्नही झालं नव्हतं. त्याचे वडील शरणबसप्पा म्हणजे बैलगाडी हाकण्यात जन्म घातलेला माणूस. त्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली, चाबकाच्या दांड्याने टायर ठोकून बघितला आणि म्हणाले, "जनावर बरं दिसतंय. पर ह्याचं दात कुठून बघायचं?" सगळे हसले. रुद्रेशची आई पार्वतम्मा आरतीचं ताट घेऊन आल्या. त्यांनी माझ्या कपाळावर विभूती लावली, चाकांखाली लिंबं ठेवली आणि बॉनेटवर तळहात टेकवून झटकन मागे घेतला.

"लई तापलंय गं लेकरू," त्या म्हणाल्या. "लांबून आलंय. आजच्याला सावलीला उभं करा."

त्या दिवसापासून लिंबाखालची जागा माझी झाली आणि पार्वतम्मा माझ्या झाल्या. बाकी सगळ्यांनी मला चालवलं, धुतलं, शिव्या दिल्या, कौतुकही केलं. पण मला लेकरू म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

माझे कामाचे दिवस ऐन भरातले होते. सास्तूर ते लोहारा असं मी वडाप करायची. आत किती माणसं बसायची ते विचारू नका. मागच्या पायरीवर लोंबकळणारे वेगळेच. कधी खताची पोती, कधी नवरीकडचं वऱ्हाड, कधी दवाखान्याला निघालेली अवघडलेली बाई. ओढ्याला पाणी आलं की लहान गाड्या काठावर ताटकळायच्या आणि मी पोटाला थेंब न लागू देता पार व्हायची. "रुद्रेशची जीप लई उंच, तिला काय व्हतंय," असं लोक म्हणायचे. ते ऐकून मला फुगल्यासारखं व्हायचं. उंची हाच माझा मोठा तोरा होता, हे मी लपवत नाही.

पण वर्षातला एक दिवस मी पार्वतम्मांशिवाय कुणाच्याच कामाची नसे. तो वेळअमावस्येचा, आपल्याकडे म्हणतात तसा येळवशीचा. त्या दिवशी सगळं गाव रानात जातं हे तुम्हाला ठाऊकच आहे. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी राहते, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडतात, पूजा होते, भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडकंभर आंबील असते. पार्वतम्मा घरच्या रानातली पूजा पहाटेच उरकायच्या आणि मग रुद्रेशला म्हणायच्या, "चल." आम्ही लोहारा, मुरूम करत सीमेपलीकडे, आळंदच्या अलीकडच्या एका खेड्यात जायचो. ते त्यांचं माहेर. भाऊ नव्हता, रान थोरल्या बहिणीकडे, चन्नम्मांकडे होतं. धुक्यातून मी त्या रानात शिरायची, थेट कोपीजवळ जाऊन थांबायची. चन्नम्मा ओरडायच्या, "बंद्या, पारी?" मला कन्नड येत नाही, पण एवढं मी ओळखते. 'आलीस का, पारी?'

मग दोघी बहिणी दिवसभर बोलत बसायच्या. सास्तूरच्या घरात कन्नड बोलायला पार्वतम्मांना आता कुणी नव्हतं. रुद्रेशला कळायचं, पण तो उत्तर मराठीत द्यायचा. शरणबसप्पांना यायचं, पण ते कन्नड बोलायचे ते बैलांशीच. वर्षभराचं साठलेलं बोलणं पार्वतम्मा त्या एका दिवसात रिकामं करायच्या आणि परतताना माझ्या पुढच्या डाव्या सीटवर गाढ झोपून जायच्या. त्यांचं डोकं काचेला लागू नये म्हणून मी खड्डे चुकवायला बघायची. चालवत रुद्रेश असला तरी.

मग त्यांचा गुडघा गेला.

तो काही एकदम गेला नाही. मी यायच्या कितीतरी आधी, त्र्याण्णवच्या भूकंपाच्या पहाटे, त्यांचा पाय दाराच्या चौकटीखाली सापडला होता. लोकांनी हातोहात उचलून त्यांना उघड्यावर आणलं होतं. पाय बरा झाला, त्या पुन्हा खुरपायला गेल्या, लेकरं वाढवली, सगळं झालं. म्हातारपणी मात्र त्या गुडघ्याने जुना हिशेब काढला. माझ्या दाराचा उंबरा त्यांना डोंगराएवढा झाला. रुद्रेशने लाकडी स्टूल आणलं, तर ते निसटलं आणि त्या पडल्या. तेव्हापासून स्टूल म्हटलं की त्या हात झटकायच्या. रुद्रेश म्हणाला, "अव्वा, म्या उचलून बसवतो की. वजन ते काय तुझं!"

पार्वतम्मांचा चेहरा एकदम कोरडा झाला.

"एकदा उचललं लोकांनी, तेवढं पुरं झालं," त्या म्हणाल्या. "आता उचलायचं ते शेवटचंच."

पुढे त्या कुठेच जाईनात. कुणी लग्नाला बोलावलं, बाजाराला विचारलं, की म्हणायच्या, "मला कुठं जायचंय आता?" दारातल्या ओट्यावर बसून माझ्याकडे बघायच्या. माझाही बहर ओसरला होता. रस्त्यावर नव्या, गुळगुळीत गाड्या आल्या, माझ्या वडापाला माणसं कमी झाली. कधीकधी सबंध दिवस आम्ही दोघी समोरासमोर बसलेल्या असायचो. येळवशी आल्या आणि गेल्या. माहेरच्या रानातली आंबील पार्वतम्मांना कुणीतरी बाटलीत भरून आणून द्यायचं. ती त्या प्यायच्या नाहीत, अंगणातल्या तुळशीला घालायच्या.

गेल्या साली दिवाळी सरल्यावर चन्नम्मांचा निरोप आला. फोन रुद्रेशच्या हातात होता आणि आवाज साऱ्या अंगणाला ऐकू जात होता. निरोप एवढाच होता, की औंदा ये. मला आता नीट दिसत नाही, तुझं तोंड ओळखू येतंय तोवर ये.

पार्वतम्मा संध्याकाळी काठी टेकत माझ्याजवळ आल्या. आपल्या गुडघ्यावर हात ठेवला, मग तोच हात माझ्या उंबऱ्याला लावला. मधलं अंतर बोटांनी मोजलं. पुन्हा मोजलं. आणि माझ्या दाराला टेकून त्या रडल्या. आवाज न करता. माझ्या पत्र्याला तेवढं कळलं.

रुद्रेशलाही कळलं असावं. दुसऱ्या दिवशी तो मला धनाजीकडे घेऊन गेला. धनाजी म्हणजे गावातला वेल्डिंगवाला. नांगराच्या फाळापासून पाळण्याच्या कडीपर्यंत काहीही जोडून देणारा, मनाने उमदा, हाताने घायकुता.

"आई गाडीपस्तोर पोचत न्हाय ना?" धनाजी म्हणाला. "मग गाडीच आईपस्तोर आणू."

त्याने माझ्या पुढच्या स्प्रिंगा काढून ग्राइंडरने कापल्या. मागच्या पाट्यांतला एकेक पाटा उतरवला. ठिणग्या उडत होत्या आणि माझी उंची, माझा इतक्या वर्षांचा तोरा, लोखंडाच्या भुशाबरोबर मातीत पडत होता. मग पार्वतम्मांना बोलावलं. त्यांनी पाय उचलला. थोडक्यात राहिलं. थोडक्यात म्हणजे अगदी दोन बोटं.

आता ऐका, कारण सगळी गोम इथे आहे. पार्वतम्मा बसायच्या डाव्या बाजूने. तेव्हा धनाजी आणि रुद्रेश यांनी विचार केला, की दोन्ही बाजू पुन्हा कशाला कापायच्या? अव्वाच्या बाजूची तेवढी कापू. आणि त्यांनी डावी स्प्रिंग आणखी कापली, मागचा डावा पाटा आणखी एक उतरवला. म्हातारं माणूस खाटेवर चढताना आपण त्याच्या बाजूची उशी सारतो ना, तेवढ्या सहजपणे. कुठल्याही शहाण्या मिस्त्रीने ही चूक केली नसती. ती करायला समोर आई उभी असावी लागते.

पार्वतम्मांनी काठी धनाजीच्या हातात दिली, दाराची कडी धरली आणि पाय उचलला. तो उंबऱ्यावर टेकला. दुसरा आला. त्या आत बसल्या. कुणाचाही हात न लागता. सीटवर तळहात फिरवत त्या म्हणाल्या, "लेकरू वाकलं गं माझ्यासाठी." तेव्हा मला माझ्या गेलेल्या उंचीचं काहीच वाटेनासं झालं. खरं सांगते, काहीच.

वाटू लागलं ते नंतर. माझ्या पोटाखाली झोपणारी कुत्री आता मावत नव्हती. शेळ्या माझ्या दिव्यांकडे बरोबरीच्या नात्याने बघायच्या. लोक म्हणायचे, "काय रुद्रेश, जीप बसली व्हय पायावर?" ते मी सोसलं. पण एक गोष्ट माझ्याच्याने सोसवेना. मी सरळ चालत नव्हते.

माझी पुढची दोन्ही चाकं वरच्या बाजूने आत झुकली होती. गाडी खाली आली की चाकांचा कल बदलतो, त्यांची तोंडंही एका रेषेत राहत नाहीत. त्यात माझी एक बाजू जास्त खाली. रुद्रेश मला समोर न्यायचा आणि मी डावीकडे सरायची. मला जायचं नसायचं, मित्रांनो. समोरचा रस्ता मला चांगला दिसत असायचा. पण डोळा एका बाजूला आणि पाय एका बाजूला, अशी माझी गत. दुपारी लिंबाखाली डोळा लागला की स्वप्नातले रस्तेसुद्धा डावीकडे वाहून जायचे आणि मी त्यांच्या मागे घसरत राहायची.

रुद्रेशचे दंड भरून यायचे. शरणबसप्पांनी दोन दिवस बघितलं आणि निकाल दिला.

"डाव्या अंगाला जातंय व्हय? सोपं हाय. डावा बैल भारी पडला की त्याला उजवीकडं जुंपायचा. टायर बदला. हिकडचा तिकडं."

टायर बदलले. मी डावीकडेच. मग ते म्हणाले, "आता उजव्या अंगाला वजन टाका." उजवीकडे ज्वारीचं पोतं आलं. जरा फरक पडल्यासारखा वाटला, तेवढ्यावर अप्पा खूष. धनाजीने एकदा आठवण केली, "रुद्रेश, उमरग्याला जाऊन अलायमेंट करून घे. खाली घेतल्यावर करावंच लागतंय." रुद्रेश म्हणाला, "चालतीय की. येळवशीपस्तोर निघंल." हे 'चालतीय की' माझ्या जातीचं सगळ्यात मोठं दुखणं आहे.

येळवस जवळ आली. पार्वतम्मांनी ठरवलं, आधी लोहाऱ्यापर्यंत जाऊन बघू; अक्कासाठी लुगडं घेऊ. सकाळची वेळ होती. दोन्ही बाजूंनी ज्वारी उभी, करडईला पिवळी फुलं. पार्वतम्मा काचेतून सगळं बघत होत्या आणि हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या. मला वाटतं, बहिणीशी काय काय बोलायचं त्याची त्या उजळणी करत होत्या. आणि माझा पुढचा डावा टायर फुटला.

पुढचं सगळं संथ झालं. स्टेअरिंग रुद्रेशच्या हातून ओढलं गेलं, रस्ता माझ्याखालून सुटला, ज्वारीची ताटं बॉनेटवर आडवी होत गेली. हरभऱ्याच्या एका वाफ्यात माझं नाक रुतलं आणि मी थांबले. एक टिटवी तेवढी ओरडत होती.

"अव्वा!" रुद्रेश त्यांच्याकडे वळला. "अव्वा, लागलं का?"

"न्हाय," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी माझी कडी घट्ट धरली होती. "गाडीला बघ आधी."

रुद्रेशने खाली बसून टायर बघितला आणि तो तसाच बसून राहिला. बाहेरून टायर नवा होता. रबराचे बारीक केससुद्धा अजून तसेच होते. आतल्या कडेला मात्र रबर संपून तारा उघड्या पडल्या होत्या. झुकलेलं चाक आतल्या कडेवरच धावत होतं. रोज धुताना, पुसताना, हवा भरताना सगळ्यांनी बाहेरची बाजू बघितली होती. आतली कुणी बघितलीच नव्हती.

"उद्याच्याला गाडी पहिल्यासारखी उंच करतो," रुद्रेश म्हणाला. "मला न्हाय बघवत हे."

"मग म्या घरी," पार्वतम्मा म्हणाल्या. त्यात राग नव्हता. म्हणूनच ते ऐकवेना.

मला ट्रॅक्टरने ओढून घरी आणलं. त्या रात्री कुणी धड जेवलं नाही म्हणे. ते मी ऐकीव सांगते. सकाळी रुद्रेशने जादाचं चाक चढवलं आणि मला हळूहळू उमरग्याला नेलं. पार्वतम्मा हट्टाने बरोबर आल्या. उंच होण्याआधी एकदा बसून घेते, म्हणाल्या.

उमरग्याला हायवेलगत संघप्रियाचं दुकान आहे. चाकं सरळ करण्याचा मोठा खड्डा, त्याच्या दोन बाजूंना यंत्रं, कोपऱ्यात बुद्धाची लहानशी मूर्ती आणि तिच्यापुढे ताजं फूल. संघप्रिया तिशीची, कोपरापर्यंत काळी झालेली, बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. ती माझ्याखाली उतरली आणि खालूनच ओरडली, "अहो दादा, डावी बाजू एवढी का कापली? गाडी झोपवायची होती का?"

रुद्रेशने पुढच्या सीटकडे बोट केलं. संघप्रियाने खड्ड्यातून डोकं वर काढलं. पार्वतम्मा काठीवर हनुवटी टेकवून बसल्या होत्या. संघप्रियाचं हसू मावळलं.

"आजी, तुमच्यासाठी व्हय?"

"माझ्या गुडघ्यासाठी," पार्वतम्मा म्हणाल्या.

संघप्रिया वर आली, हात पुसत उभी राहिली. "खोटं कशाला बोलू? गाडी उंच करा, संध्याकाळपर्यंत सुतासारखी सरळ करून देते. पण आहे एवढीच खाली ठेवून सरळ करायची, तर जमंल का न्हाय सांगता येत न्हाय. अशी गाडी माझ्याकडं आली न्हाय कधी."

हायवेवरून ट्रक जात राहिले. मग पार्वतम्मा म्हणाल्या, "बाई, एक इचारू? डावी वर न्यायच्या बदली उजवी खाली आणली तर?"

संघप्रिया पुन्हा खड्ड्यात उतरली. बराच वेळ नुसता बॅटरीचा उजेड माझ्या पोटाखाली फिरत होता.

"येईल," तिचा आवाज आला. "पण कापलेल्या स्प्रिंगवर माझा भरवसा न्हाय. सोलापूरहून आखूड, कडक जोडी मागवू, दोन्ही एकसारख्या. मागचे पाटे दोन्हीकडं सारखे. मग चाकांचं बघू. आणि दादा, एक सांगते. हिच्यावर पोती लादायची न्हाईत, माणसं कोंबायची न्हाईत. वडाप विसरायचं."

वडाप म्हणजे रुद्रेशची सारी तरुणाई होती. माझीही. त्याने माझ्या टपावर हात ठेवला. मला वाटलं, आता हा विचार करायला वेळ मागेल.

"विसरलं," तो म्हणाला.

स्प्रिंगा आल्या त्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. संघप्रियाने माझ्या दोन्ही बाजू सारख्या केल्या. बऱ्याच दिवसांनी मी समतल उभी राहिले. मग तिने चाकांना पत्र्याच्या पातळ पट्ट्या घालून त्यांचा कल सावरला, स्टेअरिंग मधोमध धरून बांधलं आणि टायरॉड फिरवून चाकांची तोंडं एका रेषेत आणली. हे काम ह्याच क्रमाने करायचं असतं. आधी उंची, मग कल, मग तोंडं. तिने मला हायवेवर फिरवून आणलं. मी सरळ गेले! पण पार्वतम्मा आणि रुद्रेश बसले, तर पुन्हा किंचित डावीकडे.

"आस्सं," संघप्रिया म्हणाली. "रिकामी गाडी सरळ आहे. पण रिकामी गाडी जाणार कुठं? आजी, तुम्ही उतरू नका. दादा, तुम्हीपण बसा जाग्यावर. आता तुम्हांला धरूनच माप घेते."

मग ती दुपार आली. मी ती कधी विसरणार नाही. दुकानातला पंखा हळू फिरत होता. माझ्या चाकांना यंत्रं लावली होती आणि त्यांतून लाल उजेडाच्या बारीक रेघा निघून एकमेकींना शोधत होत्या. खाली संघप्रिया पाना फिरवत होती, थोडा, अगदी थोडा. वर पार्वतम्मा हलू नका सांगितल्यामुळे डोळे मिटून बसल्या होत्या. बघता बघता त्यांना झोप लागली. त्यांचा श्वास माझ्या सीटमधून स्प्रिंगांपर्यंत उतरत होता. मीही पेंगुळले. आणि मला एक रान दिसलं. धुकं होतं, धुक्यात कडब्याची कोप होती, कोणी दोन मुली परकर खोचून बांधावरून पळत होत्या आणि मागून त्यांची आई आंबील शिंपत येत होती. ह्या मुली मी कधी पाहिल्या नव्हत्या. माझ्या जन्माच्या किती तरी आधीच्या त्या. मग हे स्वप्न माझं होतं की त्यांचं? मला अजून कळलेलं नाही.

"झालं," खालून आवाज आला. "सरळ."

किती वर्षांनी तो शब्द ऐकला!

येळवशीला आम्ही उजाडताच निघालो. रुद्रेशच्या हातांना आता झटावं लागत नव्हतं. तो नुसती बोटं टेकवून बसला होता. लोहारा गेलं, मुरूम गेलं. पार्वतम्मा मांडीवर लुगडं घेऊन बसल्या होत्या. माहेरचं रान दिसू लागलं, धुक्यात कोपीचं टोक दिसलं, आणि रुद्रेशने ब्रेक दाबला.

रानात जायची वाट खोल चाकोऱ्यांची होती. मधला उंचवटा माझ्या पोटाच्याही वर. पूर्वी मी इथून हसत गेले असते. आता पुढे जाणं शक्य नव्हतं. कोप लांब होती आणि पार्वतम्मांच्याने तेवढं चालवणार नव्हतं. माझी उंची गेल्याचं दुःख मला खरं झालं ते त्या चाकोरीपाशी. इतकं सगळं करून मी त्यांना रस्त्याच्या कडेलाच आणून सोडलं होतं.

"अव्वा..." रुद्रेश हळूच म्हणाला.

"थांब जरा," पार्वतम्मा म्हणाल्या. त्या धुक्याकडे बघत होत्या.

धुक्यातून कोणीतरी येत होतं. सुनेचा हात धरून, पाऊल चाचपत चाचपत, चन्नम्मा येत होत्या. माझा आवाज त्यांनी ओळखला होता. बांधावरूनच त्या ओरडल्या, "बंद्या, पारी?"

पार्वतम्मांनी दार उघडलं, कडी धरली आणि आपल्या पायांनी त्या मातीवर उतरल्या. दोघी एकमेकींच्या तोंडावरून हात फिरवत राहिल्या. मी दुसरीकडे बघितलं. रुद्रेशनेही.

मग प्रश्न पडला. आता कोपीपर्यंत जायला दोघींचेही पाय तयार नव्हते. एवढं चालून आल्यावर थोरल्या बहिणीचेही गुडघे बोलू लागले होते. तेव्हा पार्वतम्मांनी त्यांना हाताने माझ्याकडे वळवलं. चन्नम्मांना मी आठवत होते ती उंच. त्यांनी कडी धरून पाय खूप वर उचलला आणि तो अलगद उंबऱ्यावर आला. त्या चकित होऊन थांबल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

पार्वतम्मांनी कन्नडमध्येच उत्तर दिलं आणि त्या खळखळून हसल्या. "अक्का म्हणतीया, गाडी म्हातारी झाली व्हय, खाली बसलीया," त्यांनी रुद्रेशला सांगितलं. "म्या म्हणलं, म्हातारी न्हाय, शाणी झालीया."

एक बहीण डावीकडे, एक उजवीकडे, अशा दोघी माझ्या मधल्या सीटवर बसल्या. सुनेने कोपीतून आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे सगळं माझ्याकडेच आणलं. मडक्यातली आंबील त्या वर्षी पार्वतम्मा पोटभर प्यायल्या. दिवसभर त्या बोलत होत्या, आणि त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. मला एवढंच कळत होतं, की दोन्ही बाजूंना सारखं वजन आहे आणि मी कुठेच कलत नाही. धुकं विरलं, ऊन आलं, मी तिथेच रस्त्याच्या कडेला कोप होऊन उभी होते.

आता मी वडाप करत नाही. आठवड्यातून एकदा कुठल्या ना कुठल्या म्हातारीला घेऊन रुद्रेश निघतो. गल्लीतल्या साऱ्या आज्ज्यांना माझा उंबरा ठाऊक झाला आहे. बाकीचे दिवस मी इथे, लिंबाखाली. पार्वतम्मा समोर ओट्यावर. त्या माझ्याकडे बघतात आणि "कुठं जायचं मग?" असं मलाच विचारतात.

ऊन उतरलं, मित्रांनो, निघा आता. पण घरी गेलात की एक करा. दारापुढच्या गाडीच्या टायरला हात लावून बघा, बाहेरून नको, आतून. आणि घरात कोणी 'मला कुठं जायचंय आता' असं म्हणत बसलं असेल, तर त्यांच्याजवळ बसा आणि त्यांचा पाय किती वर उचलतो, तेही एकदा बघून घ्या.